हडपसरच्या थोडं पुढे

नारायण पेठेतलं भाड्याचं घर सोडायचं की नाही, हे ठरवण्यात आमची दोन वर्षं गेली. सामान हलवायला मात्र एक दुपार पुरली. मुलगी तेव्हा नुकतीच सहावी पास झाली होती. टेम्पो भरताना ती खाली आलीच नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात बसून राहिली.

आम्ही दोघंही भंडारा जिल्ह्यातले. मी एम.ए. करायला पुण्यात आले आणि पेठेतल्याच एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायच्या कामाला लागले. नवरा उरुळी कांचनच्या पुढे एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. लग्नानंतर माझं काम आणि पुढे मुलीची शाळा यांच्यासाठी आम्ही पेठेत राहिलो, आणि ही नोकरी लागल्यापासून त्याने नऊ वर्षं रोज पहाटे घर सोडून सोलापूर रस्त्याने जाणं-येणं केलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. फक्त रविवारी दुपारी जेवून झोपला की दिवेलागणीपर्यंत उठत नसे.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. ज्यांची स्वतःची घरं होती त्यांना नव्या इमारतीत जागा मिळणार होती. आम्ही अकरा महिन्यांच्या करारावरचे भाडेकरू, आम्हाला फक्त नोटीस. आम्ही धायरी पाहिली, वारजे पाहिलं. वारज्याच्या एका मालकाने आम्हाला चहा दिला, मुलीला खिडकीतून टेकडी दाखवली, पंखे नवे बसवून देतो म्हणाला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याचा चेहरा तसाच हसरा राहिला, फक्त म्हणाला, "घरात विचारून कळवतो." त्याने कळवलं नाही. तसं कळवणारे आम्हाला नवे नव्हते. पण त्या दिवशी मुलगी सोबत होती, आणि घरी येताना बसमध्ये तिने विचारलं की काकांना आपण आवडलो होतो ना, मग काय झालं. नवऱ्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं की आता भाड्याचं घर नाही. जे परवडेल, जिथे परवडेल, ते स्वतःचं.

परवडलं ते लोणी काळभोरला. स्टेशनच्या बाजूला, उसाच्या शेतांना लागून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घर उजेडाचं होतं. गॅलरीतून कालवा दिसायचा. नवऱ्याचा कारखाना अर्ध्या तासावर आला. आता लांबचा प्रवास माझा आणि मुलीचा. "जमेल का बघ," एवढंच तो म्हणाला. नऊ वर्षं त्याने जमवलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

निघायच्या आधी काकूंचा निरोप घ्यायला गेले. त्या निवृत्त शिक्षिका, गणित शिकवायच्या, स्वतःच्या घरात एकट्या राहायच्या. दहा वर्षांपूर्वी आम्ही त्या इमारतीत राहायला आलो तेव्हा जिन्यात त्यांनीही आडनाव विचारलं होतं. मी छातीवर दगड ठेवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. जिन्यात चपला काढत जाऊ नका, मी अडखळते." त्या दिवसापासून त्या मला आवडायला लागल्या. मुलगी दोन वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे वाढली. शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत ती तिथेच जेवायची, तिथेच अभ्यास करायची.

आम्ही कुठे चाललो ते मी सांगितलं तेव्हा काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "लोणी काळभोर. बरं झालं, सोलापूर जवळ पडेल तुम्हाला."

त्यांचं बोलणं असंच असायचं, एरवी मी हसले असते. त्या दिवशी ते मला लागलं. खरं तर मुलीला पुढेही दुपारी तुमच्याकडे बसू द्याल का, हे विचारायलाच मी गेले होते. न विचारता परत आले.

शाळा मात्र बदलली नाही. ती चांगली शाळा होती, तिच्या मैत्रिणी तिथे होत्या, आणि मला वाटायचं की घर लांब गेलं तरी शाळा पेठेत आहे तोवर आपण काही फार गमावलेलं नाही. रोज पावणेसहाला नवरा आम्हाला मोटरसायकलवरून हडपसरच्या गाडीतळावर सोडायचा आणि उलटा फिरून कारखान्यात जायचा. तिथून आम्ही बसने पेठेत. मुलगी बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपलेली असायची. संध्याकाळीही तेच, बसायला मिळालं की झोप. तिची सकाळची शाळा, साडेबाराला सुटायची. मी मालकांना विनंती करून साडेसातला काम सुरू करायला लागले आणि चारला सुटायला. मधल्या साडेतीन तासांसाठी मी एक अभ्यासिका शोधली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली जिथे टेबल भाड्याने घेऊन दिवसभर वाचत बसतात, तसली. ती चालवणाऱ्या बाईंनी कोपऱ्यातलं एक टेबल दिलं. चार वाजता मुलगी तिथून चालत माझ्या ऑफिसच्या दारात यायची. दोन गल्ल्यांचं अंतर.

कोणी विचारलं की आता कुठे राहता, तर मी म्हणायचे, "हडपसरच्या थोडं पुढे." ऑफिसात हेच सांगितलं, शाळेत भेटलेल्या एक-दोन आयांनाही हेच. लोणी काळभोर म्हटलं की समोरचा माणूस "अरे बापरे" म्हणायचा आणि मग माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचा. ते टाळायला मी हे वाक्य शिकले होते. मुलगी शेजारी उभी राहून ऐकायची.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. इमारतीला पाण्याचे टँकर यायला लागले. हमरस्त्यावर तेलाच्या टँकरची रांग असायची आणि त्यातून बस पुढे सरकेपर्यंत कधीकधी अंधार पडायचा. शेजारणी चांगल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या एकीने आपणहून दळण आणून द्यायची तयारी दाखवली, आणि मी तिचं नीट तोंडही पाहिलेलं नव्हतं. मुलगी कमी बोलायला लागली होती. वाढतं वय आहे, दमते आहे, असं मी समजत होते. तिचे मार्क उलट सुधारले होते, विशेषतः गणितात. अभ्यासिकेचा फायदा झाला, असं मी नवऱ्याला अभिमानाने सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी चार वाजून गेले तरी ती ऑफिसच्या दारात आली नाही. सव्वाचारला मी अभ्यासिकेत गेले. तिच्या टेबलावर एक दाढी वाढलेला मुलगा वहीत काहीतरी उतरवत होता. मी बाईंना विचारलं.

"ती?" बाई म्हणाल्या. "ती तर दिवाळीपासून येत नाही. आईने दुसरी सोय केली आहे म्हणाली. तुम्हालाच माहीत असेल ना."

मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. खाली रस्त्यावर आले आणि शाळेकडे पळत सुटले. शाळा बंद. शिपायाने सांगितलं की सातवीच्या मुली वेळेवर गेल्या. तिच्या एका मैत्रिणीचं घर जवळ होतं, तिच्या आईने दार उघडलं. तिला मी काय झालं ते सांगितलं तर ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "अहो, पण तुमच्याच बिल्डिंगपाशी सोडलं की मुलींनी तिला. रोज सोडतात. तुम्ही तिथेच राहता ना?" मग तिने आपल्या मुलीला हाक मारली. ती म्हणाली की आज बिल्डिंगला पत्रे लावलेले होते, तर तुमच्या मुलीने सांगितलं की मागून दार आहे, तुम्ही जा.

शाळेत तिने कुणालाही आम्ही घर सोडल्याचं सांगितलेलंच नव्हतं.

मी जुन्या इमारतीकडे गेले. खरंच पत्रे लावले होते. आत दोन माणसं आमच्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या चौकटी काढत होती. मागून शिरले. जिना रिकामा होता, काकूंच्या दाराला कुलूप. मी कामगारांना विचारलं, एक शाळेची मुलगी आली होती का. एक जण म्हणाला, आली होती, जिन्यात बसली होती, आम्ही इथे थांबू नको म्हटलं, मग गेली. कधी? जेवणाच्या सुट्टीत.

म्हणजे तीन तास झाले होते.

काकूंना फोन लावला. वारज्याला मुलाच्या घरी त्या गेल्या होत्या. मी मुलीबद्दल विचारलं. मग त्या म्हणाल्या, "ती रोज माझ्याकडे येत होती. तुम्हाला सांगून येते, असं म्हणायची." आणि पुढे, "मी मंगळवारी इकडे आले. तिला सांगितलं होतं, आता आईच्या ऑफिसात बसत जा म्हणून."

बुधवारी ती कुठे बसली होती, ते मला आजही माहीत नाही. विचारलं तर "बसले होते" म्हणते.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मी निघतो, तू चौकीत जा. मी चौकीच्या दिशेने चालायला लागले तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज.

"तुमची पोरगी माझ्याकडं हाय. घाबरू नका. लोणीकंदला."

मला क्षणभर कळेना. लोणीकंद नगर रस्त्यावर. आमची लोणी सोलापूर रस्त्यावर. त्या बाईंचं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. मुलगी त्यांच्या दुकानासमोर तासभर उभी होती. "पत्ता इचारला तर नारायण पेठ सांगती," बाई म्हणाल्या, "आन् जायचं कुठं म्हटलं तर लोणी म्हणती. मला काय समजंना. मग तुमचा नंबर दिला तिनं."

झालं होतं ते साधं होतं. जिन्यातून हाकलल्यावर ती चालत मनपाच्या बसथांब्यावर गेली होती. तिथे कुणाला तरी विचारलं की लोणीची बस कुठली. त्या माणसाने समोरची दाखवली. ती बसली आणि सवयीने झोपली. कंडक्टरने उठवलं तेव्हा लोणी आली होती, पण ती आमची नव्हती.

मी नवऱ्याला कळवलं. कारखान्याकडून लोणीकंदला थेऊरवरून आतला रस्ता आहे, त्यामुळे नवरा माझ्याआधी पोचला. मला नगर रस्त्याच्या गर्दीतून बसने जायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी काय विचार केला ते लिहिता येईल असं नाही. मुलगी सापडली होती, तरी मी दर थांब्याला उठून बाहेर बघत होते. शेजारच्या बाईने मला खिडकीची जागा दिली.

मी उतरले तेव्हा ती दुकानातल्या स्टुलावर बसून वडापाव खात होती. बाप बाहेर मोटरसायकलला टेकून उभा. मी तिला जवळ घेतलं तर ती ताठ बसून राहिली. दुकानवाल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "रागवू नका आज. पत्ता तेवढा पाठ करून घ्या तिच्याकडून."

ते ऐकून मी मान खाली घातली. आमच्या नव्या इमारतीचा गट नंबर, रस्ता, पिनकोड मला स्वतःलाच धड सांगता आला नसता. नऊ महिने झाले होते. तिला पत्ता शिकवायचं आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिघं एका मोटरसायकलवरून थेऊरमार्गे परतलो. दोन्ही बाजूंना ऊस होता.

घरी आल्यावर तिचा बाप बोलला, तिच्याशी नाही, माझ्याशी. शांतपणे म्हणाला की शाळा बदलायचं मी जूनमध्येच म्हणालो होतो. खरं होतं. मी म्हणाले, तुमचा कारखाना जवळ आला, आमचं काय झालं ते दिसतंय ना. तेही खरं होतं. तो उठून गॅलरीत गेला. मी मुलीसमोर बसले आणि विचारलं की मैत्रिणींशी इतके महिने खोटं का बोललीस.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूपण सगळ्यांना हडपसर सांगतेस."

मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. अभ्यासिकेत पान उलटलं तरी लोक वळून बघायचे. डब्यातली भाजी वास येते म्हणून तिला जिन्यात जाऊन खायला सांगितलं होतं. मैत्रिणी एकत्र घरी जायच्या, तीही त्यांच्याबरोबर निघाली, जुन्या इमारतीपाशी आल्यावर सवयीने आत शिरली. तिथे जिन्यात बसून राहायची. तिसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, जिना बसायला नाही, आत ये. "काकू मला रोज विचारायच्या, आईला माहीत आहे ना. मी हो म्हणायचे," ती म्हणाली. "हो म्हटलं की त्या पुन्हा विचारायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि काकूंना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले. म्हणाले, चार महिने माझी मुलगी तुमच्याकडे येत होती, तुम्ही मला एक फोन करायला हवा होता.

"हो, करायला हवा होता," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, आता काहीतरी तिरकं येईल. ते आलं नाही.

"पण फोन केला असता तर तुम्ही तिला पाठवलं नसतं," त्या म्हणाल्या. "त्या रिकाम्या इमारतीत दुपारी दुसरं कोण येणार होतं माझ्याकडे?"

रागवायला आणखी पुष्कळ होतं, मी ते राहू दिलं. त्यांनी मुलीची चौकशी केली, अपूर्णांकांचा सराव चालू ठेव म्हणून सांगायला सांगितलं, आणि फोन ठेवला. मे महिन्यात आम्ही तिला घेऊन वारज्याला गेलो. काकू अकराव्या मजल्यावर राहतात. लिफ्टने खाली उतरायचं त्यांना भय वाटतं, म्हणून उतरत नाहीत. मुलीच्या हातात त्यांनी लाडूचा डबा दिला, तिची वही तपासली, आणि माझ्याशी मोजकंच बोलल्या. मीही. निघताना त्यांनी दार लगेच लावलं नाही. लिफ्ट येईपर्यंत उभ्या होत्या.

जूनमध्ये मुलगी लोणीतल्या शाळेत आठवीत गेली. पहिले पंधरा दिवस तिने जेवण अर्धं टाकलं. मग खालच्या मजल्यावरच्या त्या बाईंची मुलगी तिच्याच वर्गात निघाली. दोघी सायकलवरून कालव्याच्या रस्त्याने जायला लागल्या. आता ती "चल की गं", "तिकडं" असं बोलते. मी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करते, पण तिचं काही दुरुस्त करत नाही. मला स्वतःला पेठेतल्या माणसांसारखं बोलायला किती वर्षं लागली होती, आणि त्या वर्षांत माझं काय काय पुसलं गेलं, ते मला माहीत आहे.

माझी नोकरी पेठेतच आहे. मी एकटी जाते, एकटी येते. घरून काम देता येईल का असं मालकांना विचारलं, ते बघू म्हणाले. पोचायला अंधार होतो. तोवर मुलीचा अभ्यास झालेला असतो, नवऱ्याने कुकर लावलेला असतो. तिला काय आवडतं, कोण छळतं, कुणाशी बोलत नाही, हे मला आता तिच्या बापाकडून कळतं. घर स्वतःचं आहे. कुणी आडनाव विचारायला येत नाही. यासाठी आलो होतो, आणि हे मिळालं, हे मी स्वतःला सांगत असते.

मागच्या महिन्यात एक दिवस पुण्यात काही कारणाने ऑफिस लवकर सुटलं. मी साडेतीनलाच घरी पोचले. खाली जिन्यापाशी चार सायकली. स्वयंपाकघरात चार मुली पोहे करत होत्या, ओट्यावर कांदा पसरलेला, कुणीतरी जोरात हसत होतं. मी आत पाऊल टाकलं तशा तिघी गप्प झाल्या आणि एकदम उभ्या राहिल्या, पाहुणं आल्यावर उभं राहावं तशा. त्यांतल्या दोघींनी मला कधी पाहिलेलं नव्हतं.

मुलीने गॅस बारीक केला आणि माझी ओळख करून दिली.

"ही माझी आई," ती म्हणाली. "ती पुण्याला असते."

ती सहज बोलली होती, टोचायला नाही. मुलींनी मान हलवली, जणू त्यांच्या ओळखीत अशा आया आहेत. मी पर्स खुंटीला अडकवली आणि विचारलं की मीठ घातलं का. एकीने हो म्हटलं. माझ्यासाठी कुणीतरी पाट सरकवला. मी बसले, आणि बशी हातात येईपर्यंत त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं नाही.